आधी भिंत, मग बाग

चिनी उद्यान म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल रंगाचा कमानदार पूल, दगडी कंदील आणि तोंडातून पाणी सोडणारा एखादा ड्रॅगन उभा राहतो. दगडी कंदील ही खरे तर जपानी उद्यानांची खूण आहे, आणि उरलेल्या दोन वस्तू सुझोऊ शहरात विद्वान अधिकाऱ्यांनी स्वतःच्या निवासासाठी वसवलेल्या जुन्या बागांत सहसा आढळत नाहीत. तेथे विपुल काय आढळते, तर भिंती. चुन्याने पांढऱ्या केलेल्या, माथ्यावर करड्या कौलांची दुपाखी असलेल्या, कोठे गोल दार तर कोठे नक्षीची जाळी ठेवलेल्या भिंती. अशा बागेची सुरुवात झाडांपासून नव्हे तर भिंतीपासून करावी लागते आणि हे जितके उशिरा ध्यानात येईल तितका खर्च वाढतो, असे माझे आता ठाम मत झाले आहे. म्हणून आमच्या परसदारी उभ्या राहिलेल्या बागेची हकीगतही मी भिंतीपासूनच सांगणार आहे.

आम्ही अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात, पोर्टलंडच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. घराच्या मागे, म्हणजे उत्तरेला, ५० फूट लांब आणि ३४ फूट रुंद अशी मोकळी जागा आहे. येथील बहुतेक घरांप्रमाणे तीही एका दृष्टिक्षेपात संपत असे. मागचे सरकते दार उघडले की समोर हिरवळ, हिरवळीच्या तिन्ही बाजूंना लाकडी कुंपण आणि कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची छपरे. दारातूनच सगळे पाहून होत असल्यामुळे बाहेर पाऊल टाकण्याचे कारणच उरत नसे. याच्या अगदी उलट अनुभव पोर्टलंडच्या जुन्या चायनाटाउनमधील लान सू उद्यानात येतो. रस्त्यांनी वेढलेल्या एकाच चौकोनी तुकड्यावर, २०० फूट लांब आणि २०० फूट रुंद जागेत ते बसवलेले आहे, तरीही तासाभराने बाहेर पडणाऱ्या माणसाला आपण एखाद्या विस्तीर्ण परिसरात हिंडून आलो असेच वाटते. पोर्टलंड आणि सुझोऊ ही १९८८ पासून भगिनी शहरे आहेत. त्या नात्यातून सुझोऊचे रचनाकार कुआंग झेन यांनी या उद्यानाचा आराखडा केला, तिकडचेच साठहून अधिक कारागीर येथे येऊन राहिले, आणि २००० साली ते लोकांसाठी खुले झाले.

माझे कार्यालय अनेक वर्षे तेथून पायी जाण्याच्या अंतरावर होते. दुपारच्या सुट्टीत तेथे जाऊन बसण्याची सवय लागली आणि, अभियांत्रिकीच्या शिक्षणामुळे असेल, पण हळूहळू मी फुलांपेक्षा अंतरेच अधिक पाहू लागले. कोणत्या वळणावर तळे दिसते, किती पावलांनी ते पुन्हा दृष्टीआड होते, जाळीतून पलीकडचे झाड दिसत असले तरी तेथे पोहोचण्यासाठी किती वळसा पडतो, असे हिशेब मनात सुरू झाले. संपूर्ण उद्यान एकदम दिसेल अशी जागा त्या चार भिंतींत कोठेही ठेवलेली नाही, हे त्यातून लक्षात आले.

पण एवढ्या मोठ्या जागेत जे साधते ते आमच्या १,७०० चौरस फुटांत कसे साधणार, ही शंका रास्त होती. तिचे उत्तर सुझोऊतच मिळाले. जागतिक वारसा यादीत १९९७ आणि २००० अशा दोन टप्प्यांत समाविष्ट झालेल्या तेथील नऊ बागांपैकी वांगशी युआन ही अर्ध्या हेक्टरहून थोडीशी मोठी बाग लहान समजली जाते. मात्र या यादीच्या बाहेर त्सानली युआन नावाची एक बाग आहे आणि तिचे क्षेत्रफळ सुमारे १४० चौरस मीटर, म्हणजे आमच्या परसापेक्षाही कमी आहे. वास्तुइतिहासकार ल्यू दुनझेन यांनी सुझोऊच्या बागांचे जे सर्वेक्षण केले, त्यात तिचा नकाशा आहे. एक गोल दार, मध्ये पाणी, पाण्याभोवती दगडांची रचना आणि घराच्या भिंतीला टेकून उंचावर बसवलेला अर्धा मंडप, एवढ्या सामग्रीवर ती बाग उभी आहे. तिची नक्कल करण्याचा माझा विचार नव्हता. तिच्यातील क्रम तेवढा मी उचलला, तो असा की प्रथम अडवायचे, मग थोडेसे दाखवायचे आणि नंतर फिरवून आणायचे.

आधीच लहान असलेल्या जागेत ही बाई आडवी भिंत घालणार, हे ऐकून नवऱ्याने कपाळाला हात लावला. कल्पना चटकन पटली ती सासूबाईंना. त्यांचे बालपण पुण्यात सदाशिव पेठेतील एका वाड्यात गेले. रस्त्यावरून पाहावे तर नुसती भिंत आणि दिंडी दरवाजा, आत शिरल्यावर एक चौक आणि त्याच्यापलीकडे दुसरा. “अगं, पहिल्या चौकातून दुसरा दिसायला लागला तर तो दुसरा कसला?” असे म्हणून त्यांनी तो वाद तेथेच मिटवला.

परवानग्यांचे काम आधी उरकून घेतले. येथे खोदकामापूर्वी ८११ या क्रमांकावर कळवणे बंधनकारक असते. त्यानंतर निरनिराळ्या सेवांची माणसे येऊन जमिनीखालच्या वाहिन्यांच्या खुणा रंगाने आखून जातात आणि त्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. गॅससाठी पिवळा, विजेसाठी लाल, पाण्यासाठी निळा असे रंग ठरलेले आहेत. जेथे तळे खोदायचे होते नेमकी तेथूनच गॅसची नळी जात असल्याचे पिवळ्या रेघेने दाखवले आणि कागदावरचे तळे चार फूट पूर्वेला सरकले. भिंतीचा प्रश्न अधिक गंभीर होता. हा किनारा भूकंपप्रवण आहे. २६ जानेवारी १७०० रोजी येथील समुद्रतळाखाली झालेल्या भूकंपाच्या लाटा जपानच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचल्या होत्या. अशा प्रदेशात सात फुटी भिंत नुसती विटांवर विटा रचून उभी करणे म्हणजे घरच्यांच्या जिवाशी खेळ. म्हणून इमारतींच्या अभियंत्याकडून आराखडा करून घेतला, तो शहराच्या बांधकाम विभागाकडून मंजूर करून घेतला आणि त्यानंतरच पाया आखला.

भिंत घराला समांतर, घरापासून १२ फुटांवर, ३० फूट लांब आणि माथ्याच्या कौलांसह सात फूट उंच अशी ठरली. तिचा पाया हिवाळ्यात जमीन गोठण्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे १८ इंच खोल नेला, त्यात सळ्यांची जाळी घातली आणि वर आठ इंची पोकळ काँक्रीट ठोकळे चढवले, ज्यांच्या पोकळीत दर ३२ इंचांवर उभी सळई सोडून काँक्रीट भरलेले आहे. सुझोऊची मूळ भिंत विटांची असते आणि तिच्या पोटात असा सांगाडा नसतो, पण गिलाव्याखाली काय दडले आहे याची चौकशी करण्याइतकी शुद्धतेची हौस मला नाही.

खरा कस लागला तो गोल दाराच्या वेळी. दाराचा व्यास सहा फूट चार इंच ठेवला आणि तळाचे चार इंच फरसबंदीत बुडवले, म्हणजे पाय ठेवायला सपाट जागा मिळते आणि डोक्यावर पुरे सहा फूट राहतात. वर्तुळाच्या खालच्या अर्ध्या भागाला साचा लागत नाही, कारण मध्यबिंदूच्या खिळ्याला दोरी बांधून ती फिरवत फिरवत विटा मसाल्यात बसवता येतात. वरच्या अर्ध्या भागासाठी मात्र प्लायवूडचे दोन सारखे अर्धगोल कापून, त्यांच्यामध्ये भिंतीच्या जाडीइतके लाकडी तुकडे ठोकून साचा उभा करावा लागतो, आणि त्यावर दोन्ही अंगांनी सारख्याच गतीने विटा चढवत नेऊन माथ्यावरची शेवटची वीट ठोकून बसवावी लागते. एक बाजू पुढे गेली की साचा कलतो आणि वर्तुळाचा अंडाकार होतो. आमचे गवंडी मेक्सिकोतील वाहाका प्रांताचे होते आणि कमानी बांधण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी ओळंबा क्वचितच हाती घेतला, पण मसाला पुरता मुरेपर्यंत साच्याला कोणालाही हात लावू दिला नाही.

दार घराच्या सरकत्या दरवाजासमोर नाही, डाव्या हाताला आहे. त्यामुळे घरातून बाहेर पाहिले की समोर येते ती कोरी पांढरी भिंत, तिच्यापुढे एकच उभा दगड आणि बांबूचे एक बेट. सुझोऊजवळच्या वूजियांगचे जी छंग हे सतराव्या शतकातील उद्यानकार. त्यांनी १६३१ साली उद्यानरचनेवरचा आपला ग्रंथ पूर्ण केला आणि त्यात पांढरी भिंत हा कागद मानून दगडांनी चित्र काढावे असे सांगितले आहे. सकाळच्या कोवळ्या उन्हात बांबूची सावली भिंतीवर पडते तेव्हा या सांगण्यातला व्यवहार कळतो, कारण गुळगुळीत, फिकट पार्श्वभूमी नसेल तर बांबूची बारीक पाने कुंपणाच्या फळ्यांत हरवून जातात. पांढरा रंग टिकवणे हे मात्र येथे नेटाचे काम आहे. पोर्टलंडला वर्षाला सुमारे ३६ इंच पाऊस पडतो. कोकणाच्या मानाने तो काहीच नाही, पण ऑक्टोबर ते मे असा सात-आठ महिने तो बारीक झिरपत राहतो आणि भिंतीच्या पायथ्याशी शेवाळ धरते. म्हणून तळाचा फूटभर पट्टा करड्या विटांचा ठेवला. जाळीची खिडकी तयार विकत न घेता जुन्या अर्धगोल कौलांचे तुकडे एकावर एक रचून माशाच्या खवल्यांसारख्या नक्षीत बसवली. ही जुनीच रीत आहे आणि तिला लागणारे सामान जुन्या इमारतींचे साहित्य विकणाऱ्या दुकानात स्वस्तात मिळाले.

दगडांच्या बाबतीत मला सर्वांत अधिक वाद घालावा लागला, आणि तो एका निवृत्त शिक्षिकेशी. त्या मूळच्या ताई सरोवराच्या काठच्या वूशी शहरातील असून आमच्या गल्लीत राहतात. सगळे त्यांना लाओशी म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणते. चिनी बागेतील सर्वांत मानाचा दगड त्यांच्याच गावाकडचा. ताइहू दगड हा चुनखडक असून पाण्याने शतकानुशतके झिजून त्याला आरपार भोके आणि सुरकुत्या पडलेल्या असतात. अंगाने सडपातळ, सुरकुतलेला, आतून वाटा असलेला आणि आरपार दिसणारा, अशा चार कसोट्यांवर तो पारखला जातो. या दगडांचे वेड जुने आहे. सोंग घराण्याच्या ह्वीझोंग सम्राटाने ते दूरवरून कायफंग येथील आपल्या उद्यानासाठी वाहून आणवले, त्यापायी प्रजा त्रासली आणि ११२७ साली राजधानी शत्रूच्या हाती गेली. लान सू उद्यानात ताइहूचेच दगड आहेत. आमच्या ऐपतीत ते बसणारे नव्हते आणि पॅसिफिक महासागर ओलांडून दगड आणवण्याची कल्पना मनालाही पटत नव्हती.

येथील दगडांच्या वखारीत मिळतो तो बेसाल्ट, काळा आणि कोनेदार. कोलंबिया नदीच्या खोऱ्यात सुमारे १.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरून तो तयार झाला. आपल्या सह्याद्रीचा कातळही अशाच प्रकारे, पण त्याच्या कितीतरी आधी, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी घडला. वखारीतील ढिगापुढे उभी राहिले तेव्हा ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटले, हे कबूल करायला हरकत नाही. पण या दगडाला भोके नाहीत, सुरकुत्या नाहीत, आणि लाओशींच्या मते तो बागेच्या नव्हे तर घराच्या पायात घालण्याच्या लायकीचा होता. माझा प्रतिवाद असा की सुझोऊच्या ओऊ युआनमधील प्रसिद्ध कृत्रिम डोंगर ताइहूचा नाहीच. तो कोनेदार पिवळ्या दगडाचा आहे. यांगझोऊमध्ये १८१८ साली एका मीठ व्यापाऱ्याने वसवलेल्या गे युआन या बागेतही शरद ऋतूचा डोंगर म्हणून त्याच पिवळ्या दगडाची रचना आहे. पिवळ्या दगडाची रीत निराळी असते. भोके दाखवण्याऐवजी कड्याचे थर दाखवायचे, आडव्या रेषा एकमेकींशी जुळवायच्या आणि मोठ्या शिळेला लहान शिळांनी आधार दिल्यासारखे भासवायचे. बेसाल्टला हीच रीत शोभते.

लाओशींनी एका अटीवर माघार घेतली. दगड मांडायचे त्या दिवशी त्या खुर्ची टाकून बसतील आणि त्या सांगतील तसा प्रत्येक दगड वळवायचा. त्यांचा पहिला नियम होता की दगडाचा किमान तिसरा हिस्सा जमिनीत गेला पाहिजे, नाहीतर तो ट्रकमधून उतरवल्यासारखा दिसतो. दुसरा नियम असा की तीन शिळा असल्या तर त्यांची डोकी तीन निरनिराळ्या उंचीवर हवीत, पण तिन्ही एकाच दिशेला झुकलेल्या हव्यात. जी छंग यांची एक गोष्ट त्यांनी तेव्हा ऐकवली. मध्यम वयात झेनजियांगमध्ये लोक सुंदर दगड झाडांमध्ये नुसते रांगेने मांडताना पाहून ते हसले, आणि का हसता असे विचारल्यावर खऱ्या डोंगराकडे पाहून मांडा म्हणून त्यांनी स्वतःच एक कडा रचून दाखवला. भाड्याच्या यंत्राने दीड टनाची शिळा उचललेली असताना यंत्रचालकाला इंग्रजीत ही गोष्ट समजावून सांगण्याची जबाबदारी माझ्यावर होती. सायंकाळी लाओशींनी एवढेच म्हटले की हा डोंगर चालेल, आणि त्यांच्या तोंडून हे मोठेच प्रशस्तिपत्र होते.

तळ्याची लांबी १६ फूट, रुंदी जास्तीत जास्त नऊ फूट आणि खोली सर्वांत खोल जागी तीन फूट. अस्तरासाठी ईपीडीएम रबराचा तक्ता घेतला. त्याचे माप काढण्याची रीत सोपी आहे. लांबीत खोलीची दुप्पट मिळवायची आणि काठावर दुमडण्यासाठी दोन फूट धरायचे. त्याप्रमाणे २४ फूट लांब आणि १७ फूट रुंद तक्ता लागला. या खोऱ्यातील जमीन चिकणमातीची असल्यामुळे हिवाळ्यात पाणी खाली न मुरता जमिनीतच तुंबते आणि अस्तराला खालून वर ढकलून त्याचा फुगा करते. त्यावर उपाय म्हणून अस्तराखाली खडीत एक सच्छिद्र नळी घालून ती जागेच्या सखल कोपऱ्यात बाहेर काढली. पाणी सुमारे ६,००० लिटर आहे. ते दोन तासांत एकदा गाळणीतून फिरावे असा पंप दगडांमागे दडवला. कारंजे ठेवले नाही, कारण या बागांत पाणी आकाश आणि भिंत यांचे प्रतिबिंब धरण्यासाठी असते आणि ते हलते ठेवले तर तो हेतू फसतो.

एवढेसे तळे मोठे कसे भासवायचे याची युक्ती वांगशी युआनमध्ये पाहायला मिळते. तेथे तळ्याच्या एका टोकाला पाणी अरुंद होत जाते आणि त्यावर जेमतेम अडीच मीटर लांबीचा दगडी पूल आहे. पूल चिमुकला असल्याने त्याच्या मानाने तळे विस्तीर्ण वाटते, आणि पुलाखालून पाणी पुढे कोठेतरी वाहत जात असावे असा समज होतो. आम्हीही तळ्याची शेपटी उत्तर-पश्चिम कोपऱ्यात नेऊन दोन शिळांच्या फटीत संपवली आणि तिच्या अलीकडे ग्रॅनाइटच्या तीन लाद्यांचा नागमोडी पूल टाकला. भुते फक्त सरळ रेषेत चालतात म्हणून असे पूल वाकडे असतात, अशी समजूत सांगितली जाते. मला त्याचे साधे कारण दिसते. प्रत्येक वळणावर शरीर वळते, शरीर वळले की नजर दुसऱ्या दृश्यावर जाते, आणि अकरा फूट चालण्यात तीन निरनिराळ्या गोष्टी पाहून होतात. मासे सोनेरी जातीचे आहेत. या जातीची पैदास हजारभर वर्षांपूर्वी चीनमध्येच सुरू झाली. येथे लोक हौसेने पाळतात ते रंगीबेरंगी कोई जपानमध्ये पैदा केलेले आहेत. बगळ्यांचा उपद्रव आहेच. उथळ काठावर उभे राहून ते मासे टिपतात, म्हणून काठ सरळ कापलेले ठेवले आणि तळाशी दगडांखाली लपायला पोकळ्या सोडल्या.

फरसबंदीविषयी लोक फारसे बोलत नाहीत, पण मला सर्वांत समाधान तिनेच दिले. सुझोऊत गोटे, फुटकी कौले आणि चिनी मातीच्या भांड्यांची खापरे उभी बसवून जमिनीवर नक्षी काढतात. टाकाऊ वस्तूंचे इतके देखणे सोने क्वचितच कोणी केले असेल. तडकलेल्या बर्फाची नक्षी मी निवडली, ज्यात कौलांच्या काठांनी वेडेवाकडे कोन आखून त्यांच्या पोटात गोटे भरतात आणि मधूनच पाच पाकळ्यांचे प्लमचे फूल बसवतात. रीत अशी की दाबून घट्ट केलेल्या खडीवर रेती आणि सिमेंटचे कोरडे मिश्रण पसरायचे, त्यात आधी कौलांच्या कडा उभ्या करायच्या, मग एकेक गोटा त्याच्या उंचीच्या दोन-तृतीयांश खोल रोवायचा, वर फळी ठेवून हातोडीने ठोकत सगळे एका पातळीत आणायचे आणि शेवटी झारीने अगदी हलके पाणी शिंपडायचे. पाणी जोरात पडले तर सिमेंट वर येऊन गोट्यांवर राखाडी पापुद्रा धरतो. सासूबाई त्या उन्हाळ्यात येथेच होत्या. रांगोळीचा हात असल्यामुळे फुले त्यांनी बसवली आणि माझ्या कोनांपेक्षा ती कितीतरी नेटकी उतरली.

झाडांच्या बाबतीत थोडक्यात सांगते, कारण भिंत, दगड आणि पाणी नीट बसल्यावर झाडे फारच थोडी लागतात. पाइन, बांबू आणि प्लम हे हिवाळ्याचे तीन सोबती मानले जातात. तिन्ही लावले. चिनी प्लम येथे फेब्रुवारीच्या गारठ्यात, पानांच्या आधी फुलतो. बांबूची निवड मात्र विचारपूर्वक करावी. पसरणाऱ्या जातींची मुळकांडे जमिनीखालून शेजाऱ्यांच्या अंगणात निघतात, म्हणून सिचुआनच्या डोंगरातील बेट करून राहणारी फार्गेसिया जात घेतली. तिला कडक ऊन सोसत नाही, आणि पोर्टलंडने २८ जून २०२१ रोजी ११६ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४७ अंश सेल्सिअस तापमान पाहिले आहे. त्यामुळे ती घर आणि भिंत यांच्यामधल्या सावलीच्या पट्ट्यात लावली. कमळाचे कंद काळ्या रंगाच्या टोपल्यांत लावून तळ्यात ठेवले, कारण येथील उन्हाळ्यातल्या रात्री थंड असतात आणि काळा रंग मिळेल तेवढी ऊब धरून ठेवतो.

केळीची गोष्ट जराशी निराळी आहे. सुझोऊच्या झुओझेंग युआनमध्ये पावसाचा आवाज ऐकण्यासाठी बांधलेला एक कक्ष आहे आणि त्याच्याभोवती केळी लावलेल्या आहेत. मीही थंडी सोसणारी, खाण्याजोगे फळ न देणारी चिनी केळ अर्ध्या मंडपाशेजारी लावली. “फळ नाही तर केळ कशाला?” हा सासूबाईंचा प्रश्न बिनतोड होता, पण अडचण भलतीकडेच होती. सुझोऊत जून-जुलैमध्ये पावसाळी हवा असते, आपल्याकडे असते तशीच, आणि तेव्हाच केळीची पाने पूर्ण उघडलेली असतात. ऑरेगनमध्ये जुलै-ऑगस्ट जवळजवळ कोरडे जातात, खरा पाऊस सुरू होतो तो ऑक्टोबरात, आणि लवकरच पहिल्या कडक दहिवराने केळीची पाने काळी पडतात. म्हणजे पान आणि पाऊस यांची गाठ वर्षातून जेमतेम काही आठवडे पडते. झाडे आणता येतात, दगड निवडता येतात, पण ऋतूंचा क्रम आयात करता येत नाही. यावर तोड म्हणून मंडपाच्या पागोळ्यांखाली आडव्या कौलांची एक रांग लावली आहे, तिच्यावर हिवाळाभर पाणी टपटपते.

अर्धा मंडप सहा फूट लांब आणि चार फूट रुंद आहे. तो पश्चिमेकडील आखूड भिंतीला टेकलेला असून त्यात दोघांना बसता येईल असा एक बाक आहे. सीडर लाकडाचे खांब सहज झाले, पण दक्षिण चिनी पद्धतीचे उंच वळलेले छपराचे कोपरे काढताना सुताराने तीन वेळा नमुने करून फेकून दिले. चौथा मान्य झाला. मंडपाला नावाची पाटी असावी असा संकेत आहे. पाटीवर लाओशींच्या हातची चिनी अक्षरे असावीत की देवनागरी, याचा निकाल घरात अजून लागलेला नाही आणि पाटी कोरीच आहे.

जी छंग यांनी ग्रंथाच्या अखेरीस उसन्या दृश्याला फार महत्त्व दिले आहे. दूरचे, जवळचे, वरचे, खालचे आणि ऋतूचे, असे दृश्य उसने घेण्याचे प्रकार त्यांनी सांगितले आहेत. आमच्या बागेतील सर्वांत देखणे झाड आमचे नाहीच. ईशान्येच्या शेजाऱ्यांचा एक जुना, सुमारे ऐंशी फूट उंच डग्लस फर आहे. भिंतीची उंची आणि मंडपातील बाकाची जागा मी अशी साधली होती की बसल्यावर कुंपण आणि छपरे झाकली जावीत आणि त्या झाडाचा फक्त माथा पाण्यात उतरलेला दिसावा. गेल्या हिवाळ्यातील बर्फाळ पावसात त्याची एक मोठी फांदी मोडून शेजाऱ्यांच्या गॅरेजवर पडली आणि आता झाड ठेवावे की काढावे याचा ते विचार करत आहेत. झाडांच्या तज्ज्ञाकडून तपासणी करून घेण्याच्या खर्चात निम्मा वाटा उचलण्याची तयारी आम्ही दाखवली आहे. तपासणी मार्चमध्ये व्हायची आहे. झाड गेलेच तर बाक उत्तरेकडे वळवावा लागेल, आणि त्यासाठी मंडपापुढची बर्फाच्या नक्षीची फरसबंदी निम्मी उकरावी लागेल, म्हणून उरलेले गोटे आणि कौलांचे तुकडे मी अजून टाकलेले नाहीत.